चारशे वीस रुपयांची भीड

शनिवारची रात्र. आम्ही सातजण. ग्रुपमधल्या एकीला पुण्यातल्या कंपनीची ऑफर आली होती, त्यामुळे पार्टी होणार हे ठरलेलंच होतं. एरवी रंकाळ्यावर भेळ नाहीतर राजारामपुरीत काहीतरी खाऊन विषय संपला असता. या वेळी कुणीतरी म्हणालं, "एकदा तरी त्या भारीतल्या हॉटेलात जाऊया की!" ताराबाई पार्क, नागाळा पार्ककडून जाताना तुम्हीही अशी हॉटेलं बाहेरून बघितली असतील. काचेचं दार, दारात सलाम करणारा माणूस, आत मंद पिवळा उजेड. आम्ही आधी इन्स्टावर मेन्यू शोधला, दर बघितले, हिशोब घातला. माणशी सहाशेत बसत होतं. टीटीएमएम. तुझं तू, माझं मी.

हॉटेलचं नाव इथे देत नाही. कारण हा लेख त्या एका हॉटेलबद्दल नाही. तुमच्याही बाबतीत हे झालं असेल, फक्त तुम्ही बिल नीट बघितलं नसेल.

जेवण छान होतं, हे आधीच सांगते. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी, जी कोल्हापुरात कुणाच्याच घरी होत नाही, तीसुद्धा चांगली होती. पांढरा रस्सा इवल्याशा काचेच्या ग्लासात आला तेव्हा एकजण म्हणाला, "हे चव बघायला दिलंय का प्यायला?" फोटो झाले, स्टोरी पडली. मग बडीशेपेच्या वाटीबरोबर एका काळ्या फोल्डरमधून बिल आलं. ते असं होतं:

खाणं-पिणं : ४,००० रुपये
सर्व्हिस चार्ज १० टक्के : ४०० रुपये
सीजीएसटी २.५ टक्के : ११० रुपये
एसजीएसटी २.५ टक्के : ११० रुपये
एकूण : ४,६२० रुपये

भागिले सात. माणशी ६६०.

आमच्यातला एक मित्र भुदरगड तालुक्यातला आहे. विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहतो, बाहेर मेस लावलीय. त्याची महिन्याची मेस तीन हजार, म्हणजे दोन्ही वेळचं जेवण धरून दिवसाला शंभर रुपये. त्या रात्री सगळ्यांनी मॉकटेल सांगितलं तेव्हा "मला नको, घसा धरलाय" म्हणाला होता. आता तो बिलाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्याने हळूच विचारलं, "सर्व्हिस चार्ज म्हणजे सरकारी टॅक्स असतोय काय?"

"असेल की. जीएसटीसारखाच," दुसऱ्याने उत्तर दिलं.

मला उत्तर माहीत होतं. मी मास कम्युनिकेशन शिकतेय. मीडिया लॉच्या पेपरची तयारी करताना याच विषयावरच्या कोर्टाच्या निकालाची टिपणं काढली होती. तरीही मी गप्प बसले. वेटर शेजारी उभा होता, मागच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं, आणि 'हे कॉलेजवाले चारशे रुपयांवरून भांडतात' असं कुणाला वाटू नये, एवढंच डोक्यात होतं. बिल भरलं. बाहेर पार्किंगमध्ये त्या मित्राने मला बाजूला घेऊन विचारलं, "साठ रुपये पाठवतीस काय? सोमवारी देतो."

ते साठ रुपये काही मोठी रक्कम नव्हती. आपल्याकडे साधारण एका मिसळीचे पैसे. पण ते त्याने द्यायलाच नको होते आणि हे टेबलावर फक्त मला माहीत होतं. म्हणून हा लेख.

बिलातलं सरकारचं किती, हॉटेलचं किती?

आधी बिल वाचायला शिकूया. शाळेत नफा-तोटा शिकवतात, बिल कुणी शिकवत नाही.

जीएसटी हा कर आहे आणि तो सरकारला जातो. सुरुवातीला एसी रेस्टॉरंटला १८ टक्के आणि बिगरएसीला १२ टक्के जीएसटी होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोघांनाही ५ टक्के झाला; निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. म्हणून बिलात अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळी दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ ला देशभर जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही नेहमीच्या रेस्टॉरंटचा दर ५ टक्केच राहिला. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये मात्र १८ टक्के लागतो.

सगळ्याच हॉटेलांना तुमच्याकडून जीएसटी घेता येतो असंही नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या खाणावळीला साधारणपणे जीएसटीची नोंदणीच लागत नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या हॉटेलांना 'कंपोझिशन' नावाची सोपी योजना घेता येते. त्यात मालक आपल्या उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो; गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घ्यायला त्याला परवानगी नाही. अशा हॉटेलच्या बिलावर 'टॅक्स इन्व्हॉइस' नाही, तर 'बिल ऑफ सप्लाय' लिहिलेलं असतं. त्यावर जीएसटीची ओळ दिसली, तर काहीतरी गडबड आहे.

आता सर्व्हिस चार्ज. हा कर नाही, सरकारशी त्याचा काही संबंध नाही. तो हॉटेलने स्वतः ठरवलेला आकडा आहे. कुठे ५ टक्के, कुठे १०. गोंधळ होतो तो नावामुळे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येण्याआधी बिलावर 'सर्व्हिस टॅक्स' असायचा आणि तो खराच सरकारी कर होता. तो गेला, पण त्याच्यासारखं नाव असलेला सर्व्हिस चार्ज बिलावर राहिला. जीएसटीच्या दोन ओळींना चिकटून तो बसतो, पुढे टक्केवारीही असते. बघणाऱ्याला वाटतं, असेल काहीतरी सरकारी.

आमच्या बिलात अजून एक गंमत होती. जीएसटी ४,००० वर नाही, ४,४०० वर लावला होता. म्हणजे सर्व्हिस चार्जवर आणखी २० रुपये कर. सर्व्हिस चार्ज नसता तर बिल झालं असतं ४,२००. माणशी बरोब्बर सहाशे, जसं आमचं ठरलं होतं. आम्ही जास्तीचे किती दिले? चारशे वीस! आकडाही असा आला की हसू यावं. जुन्या भारतीय दंड संहितेतलं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, पण बोलीतलं 'चारसोबीस' काही जात नाही. आकड्याचा हा निव्वळ योगायोग, मी कुणावर फसवणुकीचा आरोप करत नाहीये. पण पैसे गेले, हे खरं.

कोर्ट काय म्हणालं?

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने एप्रिल २०१७ मध्येच सांगितलं होतं. फरक फारसा पडला नाही. मग २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यातून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, म्हणजे सीसीपीए, तयार झालं. या प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातल्या गोष्टी सोप्या आहेत: हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही. दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही. तो द्यायची सक्ती करायची नाही, आणि तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. देत नाही म्हणून कुणाला आत यायला अडवायचं नाही. आणि तो खाण्याच्या बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही.

आमचं बिल आता पुन्हा बघा.

हॉटेल आणि रेस्टॉरंट मालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. जुलै २०२२ मध्येच स्थगिती मिळाली आणि प्रकरण जवळपास पावणेतीन वर्षं चाललं. २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला. सर्व्हिस चार्ज सक्तीने घेणं कायद्याला धरून नाही, असं सांगत त्यांनी मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. 'सर्व्हिस चार्ज' या नावामुळे लोकांची दिशाभूल होते, त्यांना तो सरकारी कर वाटतो, याचीही कोर्टाने दखल घेतली. आमच्या टेबलावर झालेलं संभाषण आठवा.

निकालात एक महत्त्वाची गोष्ट होती, जी बातम्यांच्या मथळ्यांत हरवली. टिप द्यायला कोर्टाने मनाई केलेली नाही. तुम्हाला खूश होऊन पाचशे द्यायचेत, द्या. मात्र ते तुम्ही ठरवायचं, बिल छापणाऱ्या मशीनने नाही.

संघटनांनी या निकालाविरुद्ध अपील केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली तेव्हा न्यायाधीशांनी हॉटेलवाल्यांनाच प्रश्न टाकला. वीस रुपयांची पाण्याची बाटली तुम्ही शंभरला देता, ते तिथल्या वातावरणाचे, अनुभवाचेच पैसे ना? मग वर सर्व्हिस चार्ज कशाचा? अपील झालं म्हणून आधीचा निकाल आपोआप थांबत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि सीसीपीए ही केंद्राची संस्था आहे. तिचे नियम दिल्लीला लागू तसे कोल्हापूरला.

बाटली महाग, पण तीही कायदेशीर

पाण्याच्या बाटलीचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करते. आमच्या बिलात दोन बाटल्या प्रत्येकी ५० रुपयांनी लागल्या होत्या. बाटलीवर छापील किंमत २० होती. "एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, हे बेकायदेशीर आहे," असं आपण सगळेच ठोकून देतो. दुकानात ते खरं आहे. पण १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दराने देता येतं. तिथे तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही. बसायची जागा, एसी, वाढणारा माणूस हे सगळं त्यात येतं.

म्हणजे बघा, दिसायला दोन्ही सारखं. इथेही जास्तीचे पैसे, तिथेही. मग पन्नासची बाटली चालते आणि चारशेचा सर्व्हिस चार्ज का चालत नाही? फरक एकच आहे. बाटलीचे ५० रुपये मेन्यूत आधी लिहिलेले होते. मी ते वाचून "साधं पाणी आणा" म्हणू शकत होते. सर्व्हिस चार्ज पोट भरल्यावर समोर आला.

"मग वेटरचं काय?"

हा प्रश्न माझ्या मित्रांनीच विचारला. रास्त आहे. सर्व्हिस चार्ज नाकारणं म्हणजे आपल्याच वयाच्या एखाद्या पोराच्या पोटावर पाय देणं नाही ना?

म्हणून सोमवारी दुपारी चारच्या सुमारास मी त्या हॉटेलात परत गेले. ती त्यांची रिकामी वेळ. मॅनेजर नीट बोलले. म्हणाले, मॅडम, कुणी सांगितलं तर आम्ही सर्व्हिस चार्ज लगेच काढतो, वाद घालत नाही. मी विचारलं, सांगतात किती जण? ते हसले. म्हणाले, महिन्याला एखाद-दुसरा.

त्यांची बाजूही ऐकण्यासारखी होती. टिप मिळते ती टेबलाजवळ आलेल्या वेटरला. आत तंदूरवर उभा असलेला, कांदा चिरणारा, बशा घासणारा, यांना कोण टिप देतं? सर्व्हिस चार्ज जमा झाला की सगळ्यांत वाटता येतो. हॉटेलमालकांच्या संघटनांचंही साधारण हेच म्हणणं आहे. वर भाडं, १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरचा खर्च, ऑनलाइन डिलिव्हरी अॅपचं कमिशन. हॉटेल चालवणं सोपं नाही, आणि यातलं काही खोटंही नाही.

निघताना शनिवारचाच वेटर भेटला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत काम करतो. नाव लिहीत नाही, त्याची नोकरी आहे. सर्व्हिस चार्जमधले तुला किती मिळतात, असं विचारल्यावर तो जरा थांबला. पगारातच धरलेत म्हणे, पण किती ते त्याला माहीत नव्हतं. कधी हिशोब बघितला नव्हता. उलट त्यानेच सांगितलं की बिलात सर्व्हिस चार्ज दिसला की लोक वेगळी टिप देत नाहीत. "त्यांना वाटतं, दिली की."

इथे मला सगळा विषय कळला. आम्ही चारशे रुपये दिले ते वेटरसाठी दिले असं समजून. वेटरला त्यातले किती आले ते माहीत नाही. आणि ते दिले म्हणून हातात मिळाली असती ती टिपही बुडाली. काही हॉटेलं हे पैसे प्रामाणिकपणे वाटतही असतील. पण वाटले की नाही, किती वाटले, हे बघायची सोय ना गिऱ्हाइकाकडे आहे ना त्या पोराकडे. मग 'स्टाफसाठी' हा शब्द नुसता विश्वासावर उरतो.

आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे. कामगाराचा पगार देणं हे मालकाचं काम. महाराष्ट्रात हॉटेल, रेस्टॉरंट आणि खाद्यगृहांतल्या कामगारांसाठी किमान वेतन ठरवलेलं आहे. तो पगार सर्व्हिस चार्ज जमला तर द्यायचा, अशी काही सवलत नाही. बशा घासणाऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत असं मालकाला मनापासून वाटत असेल, तर वाट सरळ आहे: भाजीचा दर वाढवा. ३६० ची भाजी ३९६ ला करा आणि मेन्यूवर तसं छापा. कोर्टाने दर वाढवू नका असं कुठेच म्हटलेलं नाही.

आपल्या खाणावळीत काय होतं, आठवून बघा. मटण थाळीचा दर फळ्यावर लिहिलेला असतो. वाढपी चार वेळा येऊन "रस्सा वाढू काय?" विचारतो. तांबडा झाला, पांढरा झाला, तुम्ही नको म्हणेपर्यंत येत राहतो. त्या वाढण्याचा वेगळा आकार बिलात कुणी लावला तर कोल्हापुरात दंगा होईल. वाढणं थाळीच्या दरातच धरलेलं असतं. सीसीपीएची मार्गदर्शक तत्त्वं वेगळं काय सांगतात? पदार्थाच्या किमतीत सेवा धरलेलीच असते, एवढंच. जी गोष्ट खाणावळीच्या फळ्याला जमते, ती लॅमिनेट केलेल्या मेन्यूकार्डाला का जमू नये?

जमत नाही, कारण ३९६ जास्त दिसतात आणि ३६० कमी. खरी किंमत दुपारीच इन्स्टावर दिसली असती तर आम्ही माणशी ६६० चा हिशोब केला असता. कदाचित दोन मॉकटेल कमी सांगितली असती. कदाचित दुसरीकडे गेलो असतो. कदाचित तरीही तिथेच गेलो असतो. पण मित्राने पार्किंगमध्ये उधार मागितले नसते. चारशे वीस रुपयांबरोबर आमचा आधी ठरवण्याचा हक्क गेला, आणि मला तो पैशापेक्षा मोठा वाटतो.

भीड भिकेची बहीण

आता मॅनेजरचं वाक्य पुन्हा वाचा. 'कुणी सांगितलं तर आम्ही काढतो' आणि 'महिन्याला एखाद-दुसरा'. सर्व्हिस चार्ज चालतो तो या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत. मागितलं तर काढायचा, म्हणून सक्ती नाही असं म्हणता येतं. आणि कुणी मागणार नाही याची खात्री असते, कारण आपल्याला भीड वाटते.

ही भीड सगळ्यांना सारखी नसते, हे मला त्या रात्री दिसलं. ज्याच्या गाडीची किल्ली टेबलावर आहे तो सहज विचारेल, "हे काय लावलंय?" त्याला कुणी गरीब समजणार नाही. ज्याच्या खात्यात मोजून सहाशे आहेत, त्याला मात्र विचारायची जास्त गरज आणि जास्त लाज. म्हणजे हा चार्ज ज्याला परवडत नाही त्याच्याकडूनच हमखास वसूल होतो. आपल्याकडे आजी लोक म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. तसंच.

आणि ही भीड आपण एकमेकांनाही घालतो. "जाऊ दे रे, चारशे रुपयांसाठी कुठं वाद घालायचा" असं टेबलावर कुणीतरी म्हणतोच. म्हणणारा स्वतःच्या साठ रुपयांबद्दल बोलत असतो, पण सोडून देतो सातही जणांचे. समान वाटणी करताना ज्याने मॉकटेल घेतलं नाही त्याला विचारायचं राहून जातं, तसंच हे. टीटीएमएम म्हणजे तुझं तू, माझं मी. सरळ भागिले सात नाही. हे हॉटेलवाल्याला सांगण्याआधी मला स्वतःला सांगायला हवं होतं.

१८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. इतक्या वर्षांची मागणी पूर्ण झाली म्हणून आपण सगळ्यांनी आनंद केला. पण कायदा जवळ आला म्हणजे फक्त कोर्टाची इमारत जवळ आली असं नसतं. चारशे वीस रुपयांसाठी कुणी हायकोर्टात जाणार नाही आणि जायची गरजही नाही. टेबलावर बसून एक वाक्य बोलता आलं तरी पुष्कळ.

बिल आल्यावर एवढं बघा

• सर्व्हिस चार्ज, स्टाफ वेल्फेअर, स्टाफ काँट्रिब्यूशन... नाव काहीही असो, तुम्ही न विचारता लावलेलं असेल तर "हे काढून नवीन बिल द्या" म्हणा. आवाज चढवायची गरज नाही. हे वेटरला नाही, मॅनेजरला सांगा. बिल वेटरने बनवलेलं नसतं.

• जीएसटी कशावर लावलाय ते बघा. तो फक्त खाण्या-पिण्याच्या रकमेवर हवा.

• बिलावर १५ अक्षरा-अंकांचा जीएसटी नंबर असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते. नंबर नाही आणि जीएसटी लावलाय, तर विचारा.

• १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर असणंही बंधनकारक आहे. अन्नाबद्दल तक्रार करायची तर तो लागतो.

• टिप द्यायची असेल तर शक्यतो रोख, हातात. काउंटरच्या क्यूआर कोडवर दिलेले पैसे हॉटेलच्या खात्यात जातात.

• काढत नसतील तर बिलाचा फोटो ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

परत एकदा शनिवार

तीन आठवड्यांनी ग्रुपमधल्या दुसऱ्या एकाचा वाढदिवस होता. हॉटेल वेगळं, पण तसंच. काचेचं दार, मंद उजेड. या वेळी पाचजण होतो. बिल आलं, त्यात तीच ओळ होती. मी मनात वाक्य जुळवत होते, मॅनेजरला 'एक्सक्यूज मी' म्हणायचं का 'दादा' म्हणायचं, असलं काहीतरी. तेवढ्यात तो भुदरगडचा मित्रच म्हणाला, "मॅनेजर साहेबांना जरा बोलवता काय?" आणि ते आल्यावर, "एवढी एक ओळ काढून द्या की."

मॅनेजर "हो सर" म्हणाले. दोन-तीन मिनिटांत नवीन बिल आलं. कुणी वळून बघितलं नाही. मागच्या टेबलावरचं बाळ रडत होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं.

आम्ही प्रत्येकी वीस रुपये काढून शंभर केले आणि वेटरच्या हातात दिले. वीसची पहिली नोट त्या मित्राचीच होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.